एकट्यापुरता स्वयंपाक: चौघांची कृती एकावर कशी आणायची

घरून फोनवर येणारी कृती बहुतेक वेळा चौघांची असते. ऐरोली-महापेला नोकरी लागते, घणसोलीत किंवा घोडबंदर रोडला खोली मिळते, आणि 'एक वाटी डाळ, चार वाट्या पाणी' याला चाराने भागून पहिली आमटी चढते. ती हमखास बिघडते. डाळ कुकरच्या तळाला धरते, फोडणीत मोहरी तडतडायच्या आत हिंग-हळद काळी पडते, नाहीतर उकळता उकळता आमटीचा गोळा होतो. यात भागाकार चुकलेला नसतो. डाळ, तांदूळ, भाजी, तिखट, मसाला हे माणसांच्या हिशोबाने भागता येतं. पाणी किती आटणार, फोडणीला तेल किती लागणार आणि किती मिनिटं लागणार हे मात्र भांड्याचा तळ आणि आच ठरवतात. म्हणून हा लेख दोन भागांत वाचावा: आधी जे भागायचं ते, मग जे भागायचं नाही ते.

आधी कृती कितीजणांची ते ओळखा

बऱ्याच कृतींत हे लिहिलेलंच नसतं आणि 'घरच्यांना पुरेल एवढं' यावरून काही कळत नाही. मुख्य जिन्नसावरून अंदाज काढावा. एका माणसाच्या एका जेवणाला साधारण एवढं कोरडं साहित्य लागतं: तांदूळ ६० ते ७५ ग्रॅम, आमटी-वरणाची डाळ ३० ते ४० ग्रॅम, उसळीला कोरडं कडधान्य ४० ते ५० ग्रॅम, पोळ्यांना कणीक ७५ ते ९० ग्रॅम, कच्ची भाजी १५० ग्रॅमच्या आसपास, नाश्त्याला जाडे पोहे ६० ग्रॅम. कृतीत २५० ग्रॅम मटकी असेल तर ती पाच-सहाजणांची आहे, चाराने भागलीत तर दोन वेळा तीच उसळ खावी लागेल. भूक जास्त असेल तर पोळी-भात वाढवा, कृतीचा भाजक बदलू नका.

वाटी मोजून घ्या

'एक वाटी' हे माप घरात चालतं, कारण तिथे वाटी ठरलेली असते आणि हाताला सवय असते. बाजारातल्या वाट्या १०० मिलीपासून २०० मिलीपर्यंत कितीही भरतात. आपली एक वाटी निवडावी आणि ती किती मिलीची आहे ते एकदा मोजून ठेवावं. वजनकाटा असेल तर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. काटा नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं खुणांचं झाकण वापरा, त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात.

या लेखात वाटी म्हणजे १५० मिली, मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिली, तिन्ही सपाट भरलेले. १५० मिलीच्या वाटीत तूरडाळ किंवा तांदूळ साधारण १२० ते १२५ ग्रॅम, साखरही तेवढीच, रवा १०० ग्रॅमच्या थोडा वर, आणि कणीक जेमतेम ८० ग्रॅम बसते. कणीक दाबून भरली तर हाच आकडा शंभराकडे जातो. पिठं म्हणूनच वजनावर घ्यावीत.

पाच किलोपर्यंतचा साधा डिजिटल काटा एकट्या माणसाला मिक्सरपेक्षाही जास्त उपयोगी पडतो. तो १ ग्रॅमच्या टप्प्याने वाचतो, त्यामुळे ५ ग्रॅमच्या खाली त्याच्यावर विसंबू नये. मीठ, हळद, तिखट, सोडा हे चमच्यानेच मोजा. १, अर्धा आणि पाव छोट्या चमच्यांचा संच घ्या.

भागाकार

चौघांवरून एकावर येताना नेहमी लागणारी मापं अशी:

१ कप (२४० मिली) म्हणजे ४ मोठे चमचे
१ वाटी म्हणजे अडीच मोठे चमचे
१ मोठा चमचा म्हणजे पाऊण छोटा चमचा
१ छोटा चमचा म्हणजे पाव छोटा चमचा
अर्धा छोटा चमचा म्हणजे पाव चमचा भरून त्यातला निम्मा
पाव छोटा चमचा म्हणजे अंगठा आणि एका बोटात मावेल ती चिमूट

कृती सहाजणांची असेल तर कपाचे ४० मिली होतात आणि मोठ्या चमच्याचा अर्धा छोटा चमचा. पाव चमच्याचा निम्मा घ्यायचा असेल तर तो कागदावर सपाट पसरून सुरीने मधे रेघ मारावी. एका माणसाच्या भाजीत पाव चमचा जास्तीची हळद कडू लागते, म्हणून ही दहा सेकंदं वाचवू नयेत.

कमी प्रमाणात चुकीला जागाच कमी उरते. चौघांची कणीक ३६० ग्रॅम असते, तिच्यात एक मोठा चमचा पाणी जास्त पडलं तर मळताना मुरून जातं. ९० ग्रॅम कणकेत तेवढंच पाणी जास्त पडलं तर पीठ हाताला चिकटतं, मग वर कणीक भुरभुरायची आणि पोळ्या कडक व्हायच्या. तीन पोळ्यांच्या ९० ग्रॅम कणकेला साधारण ५५ ते ६० मिली पाणी लागतं. आधी तीन मोठे चमचे घाला, मग ओल्या बोटांनी शिंतोडे देत मळा आणि अर्धा चमचा तेल लावून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा.

जे अर्धं होत नाही

पाव कांदा, पाव टोमॅटो, अर्धी मिरची. इथे आकडा गाठायच्या मागे लागू नका, लहान आकाराचं निवडून आणा. चौघांच्या भाजीत दोन मध्यम कांदे असतील तर एकट्याला ४५-५० ग्रॅमचा एक लहान कांदा पुरतो. टोमॅटोही लिंबाहून थोडा मोठा असेल असा घ्या. कांदा उरलाच तर कापलेली बाजू खाली करून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. आमसुलं दीड आली तर एक टाका, उकळल्यावर चव बघा आणि दुसरं नंतर टाका. अंडं अर्धं लागलं तर फेटून त्यातले २५ ग्रॅम घ्यावेत.

नारळ हा एकट्या माणसाचा खरा प्रश्न आहे. रोज एक मोठा चमचा ओलं खोबरं लागतं आणि नारळ फोडला की दोन वाट्या खोबरं समोर. फोडल्या दिवशीच सगळा खवून चपट्या डब्यात पातळ थर करून फ्रीझरमध्ये टाका. जाड गोळा गोठवला तर रोज सुरीने फोडत बसावं लागतं.

भांडं: इथेच बहुतेक आमट्या बिघडतात

भांड्याचा व्यास निम्मा केला की तळाचं क्षेत्रफळ पाव होतं. २४ सेंटीमीटरच्या पातेल्यात चौघांची आमटी जितकी खोल असते, तितकीच खोल एकट्याची ठेवायची तर पातेलं १२ सेंटीमीटरचं हवं. त्याच मोठ्या पातेल्यात पाव आमटी केली की ती तळाला पसरते. वाफ पृष्ठभागावरून जाते आणि पृष्ठभाग आधीइतकाच राहिला, त्यामुळे मिनिटाला आटणारं पाणीही साधारण तेवढंच राहतं. चार वाट्यांतून अर्धी वाटी आटली तर कळत नाही, एका वाटीतून अर्धी आटली की आमटीची चटणी होते.

तेव्हा खोलीत तीन भांडी असू द्या: १४ ते १६ सेंटीमीटरचं झाकणाचं पातेलं, १८ सेंटीमीटरची जाड तळाची कढई आणि फोडणीचं एक लहान लोखंडी कढलं. तवा आणि कुकर सोडला तर बाकी काही लागत नाही. गॅस पाइपलाइनचा असो वा सिलिंडरचा, लहान शेगडीवर शिजवा आणि ज्योत तळाच्या बाहेर जाऊ देऊ नका. बाहेर गेलेली ज्योत कड तापवते आणि कडेचा मसाला करपतो.

भाड्याच्या खोलीत इंडक्शन असेल तर दोन गोष्टी बघाव्यात. भांड्याच्या तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे, आणि तळ साधारण १२ सेंटीमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर शेगडी भांडं ओळखतच नाही. कढलं तिथे चालत नाही. फोडणी १४ सेंटीमीटरच्या सपाट पातेल्यात करा आणि ती ४०० ते ६०० वॅटच्या पुढे नेऊ नका. पातळ तळाच्या स्टीलमध्ये चमचाभर तेल बघता बघता धुरावतं.

भाताचं पाणी बोटाने मोजू नका

'तांदळावर बोटाच्या पेराएवढं पाणी' ही खूण घरच्या ठरलेल्या पातेल्यासाठी आणि ठरलेल्या तांदळासाठी असते. १६ सेंटीमीटरच्या पातेल्याच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर असतं. त्यात अडीच सेंटीमीटर पाणी म्हणजे ५०० मिली. अर्धी वाटी तांदळाला लागतं १५० ते १८० मिली. भाताची पेज का झाली याचं उत्तर एवढंच आहे.

अर्धी वाटी कोलम किंवा आंबेमोहर धुऊन वीस मिनिटं निथळत ठेवा. पातेल्यात एक वाटी पाणी आणि वर दोन मोठे चमचे, ते वाफेत जाणारं. आधण आल्यावर तांदूळ घाला, पुन्हा उकळी आली की आच अगदी मंद करून घट्ट झाकण ठेवा. दहा-बारा मिनिटांत पाणी मुरतं. मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नका. बासमतीला पाणी कमी लागतं, पाऊण वाटी आणि वरचे दोन चमचे.

साबुदाण्याचंही हेच. चौघांचा साबुदाणा पसरट पातेल्यात भिजतो. एकट्याचा अर्धी वाटी साबुदाणा अरुंद वाटीतच भिजवा आणि पाणी दाण्यांच्या जेमतेम बरोबरीला ठेवा. पसरट भांड्यात वरवर तेवढंच दिसणारं पाणी प्रत्यक्षात दुप्पट असतं आणि खिचडीचा लगदा होतो.

कुकर

मूठभर डाळ आणि तिला पुरेल एवढं पाणी थेट तीन लिटरच्या कुकरमध्ये घालू नका. कुकर आधी आतली हवा बाहेर टाकतो, मग वाफेने भरतो, मग दाब येतो. या सगळ्यात जाणारं पाणी आत डाळ किती आहे हे बघत नाही. १०० मिली पाण्यात शिट्टी व्हायच्या आधीच तळ कोरडा पडू शकतो, डाळ करपते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो.

डब्यात शिजवा. कुकरच्या तळाशी जाळी ठेवून दीड ते दोन वाट्या पाणी घाला, हे माप कितीही कमी डाळ असली तरी कमी करायचं नाही. ॲल्युमिनियमचा कुकर असेल तर त्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकली की आतून काळा पडत नाही. डब्यात अडीच मोठे चमचे तूरडाळ अर्धा तास भिजवलेली, पाऊण वाटी पाणी, चिमूट हळद, दोन थेंब तेल. दुसऱ्या डब्यात तांदूळ. डब्यातलं पाणी फारसं आटत नाही, म्हणून तांदळाला इथे दुप्पटच पाणी, वरचे दोन चमचे नकोत.

शिट्ट्या मोजून एकट्याचा कुकर जमत नाही. माल कमी असल्याने पहिली शिट्टी लवकर येते, आणि तीन शिट्ट्या झाल्या तरी डाळीला पुरेशी मिनिटं मिळालेली नसतात. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि घड्याळाने आठ ते दहा मिनिटं द्या. दाब आपोआप उतरू द्या, डाळ तेवढ्या वेळातही शिजत असते. शिट्टी येतच नसेल आणि कडेने वाफ जात असेल तर गॅस बंद करा. रिंग ढिली झाली असेल, ती बदला.

फोडणी आणि मीठ

चौघांच्या आमटीला दोन मोठे चमचे तेल, म्हणून एकट्याला दीड छोटा चमचा. हे दीड चमचा तेल कढईत पसरलं तर मोहरी कोरड्या तळावर पडते, तडतडण्याऐवजी भाजते आणि कडवट होते. कढल्यात तेच तेल एका जागी साचतं. तिथे दोन छोटे चमचे तेल घ्या, कढलं जरा तिरकं धरा, पाव चमच्याहून थोडी जास्त मोहरी टाका आणि ती पुरती तडतडू द्या. मग गॅस बंद करून हिंग, हळद, कढीपत्ता. एवढंसं तेल बंद गॅसवरही त्यांना पुरेसं तापलेलं असतं. तिखट टाकायचं तर लगेच त्यावर डाळ किंवा पाणी ओता.

मोहरी, जिरं, कढीपत्ता भागलेल्या मापापेक्षा थोडे जास्त चालतात. तिखट, हिंग, लवंग, दालचिनी जास्त चालत नाहीत. लवंग पाव करता येत नाही, म्हणून एक अख्खी टाका आणि उकळी आल्यावर काढून घ्या.

मिठासाठी तयार पदार्थाचं वजन धरावं. सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम आमटी किंवा भाजीला दोन ते अडीच ग्रॅम मीठ पुरतं. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा सहा ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे अर्ध्या चमच्याला थोडं कमी. सुरुवातीला पाव चमचाच घाला आणि आमटी हवी तेवढी दाट झाल्यावर उरलेलं. आधी घातलेलं मीठ आटताना जागच्या जागी राहतं आणि पाणी तेवढं निघून जातं. एकट्याचं वाटीभर कालवण त्यामुळे फार लवकर खारट होतं.

एक पूर्ण आमटी

चौघांची कृती धरू: तूरडाळ १ वाटी, शिजल्यावर वरून पाणी ४ वाट्या, तेल २ मोठे चमचे, तिखट १ छोटा चमचा, गोडा मसाला २ छोटे चमचे, आमसुलं ५-६, चिरलेला गूळ १ मोठा चमचा, ओलं खोबरं २ मोठे चमचे.

एकट्याला: डाळ अडीच मोठे चमचे (३० ग्रॅम), वर सांगितल्याप्रमाणे डब्यात शिजवून घोटलेली. तेल २ छोटे चमचे. तिखट पाव, गोडा मसाला अर्धा, गूळ पाऊण छोटा चमचा. खोबरं अर्धा मोठा चमचा. आमसूल एक, गरज पडली तर दुसरं. पाणी भागाकाराने एक वाटी येतं, तरी बाजूला दीड वाटी पाणी गरम करून ठेवा.

१४ सेंटीमीटरच्या पातेल्यात घोटलेली डाळ आणि वाटीभर गरम पाणी एकत्र करून आमसूल, गूळ, गोडा मसाला घाला आणि मध्यम आचेवर उकळी आणा. पाच मिनिटं अर्धवट झाकण ठेवून उकळू द्या. दाट होतेय असं दिसलं की उरलेल्या गरम पाण्यातून दोन-दोन चमचे घाला. गार पाणी घातलं तर एवढीशी आमटी लगेच उकळीखाली जाते आणि डाळ-पाणी वेगळं राहतं. मीठ चव बघून, मग खोबरं, शेवटी कढल्यातली फोडणी वरून. कढल्यात चमचाभर आमटी घालून ते पुसून घ्या, निम्मा स्वाद तिथेच चिकटलेला असतो.

वेळेचं म्हणाल तर बटाट्याची फोड जेवढी मोठी तेवढा वेळ ती घेणारच, मग एक बटाटा असो वा चार. कांदा परतायला मात्र खूप कमी वेळ लागतो, कारण त्याचं सुटणारं पाणी कमी असतं. चौघांचा कांदा बारा मिनिटांत लाल होतो, एकट्याचा चार-पाच मिनिटांत. फोन बाजूला ठेवा.

हे भागूच नका

वाटण. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यातही पाती बुडतील एवढं साहित्य लागतं, नाहीतर ते कडेला उडून बसतं. कांदा-खोबऱ्याचं किंवा आलं-लसणाचं वाटण चौघांच्या मापाने पाणी न घालता करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ट्रेचा एक खण साधारण मोठ्या चमच्याएवढा असतो, म्हणजे माप आपोआप ठरतं. इडली-डोशाचं पीठही तीन दिवसांचं एकदम करा. गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि दाण्याचं कूट आठवड्याचं करून ठेवा.

किती आणायचं

तुर्भ्याची एपीएमसी घाऊक बाजार आहे. एकट्याला दिवसाला शंभर ग्रॅम कांदा लागतो, म्हणजे पाच किलो कांदे पन्नास दिवस पुरतील, आणि पावसाळ्यात ते त्याआधीच कोंब धरतात किंवा सडतात. डाळी-तांदूळ ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून किंवा खालच्या वाण्याकडून अर्धा किलोने, मसाल्याच्या पुड्या ५० ते १०० ग्रॅमने घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत मोठी पाकिटं गुठळ्या धरतात आणि रव्यात टोके होतात. रवा फ्रिजमध्येच ठेवा.

भाजीवाल्याकडे पावशेरच मागा. अख्खा फ्लॉवर, अख्खा कोबी म्हणजे चार दिवस तीच भाजी, त्यापेक्षा तोंडली, भेंडी, घेवडा, दोन वांगी घ्या. स्टेशनाबाहेर संध्याकाळी मोड आलेली मटकी, मूग, निवडलेली मेथी मिळते. दीडशे ग्रॅम मोड आलेली मटकी म्हणजे एकाची पोटभर उसळ. आणल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुऊन त्याच दिवशी शिजवा.

भात उरला तर कुकरमध्ये झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नये. भातातले काही जिवाणू शिजवूनही बीजरूपात टिकतात, उबेत वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. ताटलीत पसरून निववा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा आणि सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवा. आमटी रात्रभरात घट्ट होते, तिला दोन-तीन चमचे पाणी घालून उकळी आणा. त्यात मीठ पुन्हा घालावं लागत नाही.